उणे दोन सेकंद

दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरात छताला डोळा बसवला, त्याच सकाळी मोठ्या सिस्टरच्या हातून चिमटा खाली पडला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. चिमटा पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, फक्त मोठ्या सिस्टरनं ऐकला नाही, आणि खरी भानगड तिथेच होती.

डोळा तसा लिंबाएवढाच. काळा, गुळगुळीत, टेबलाच्या बरोबर वर उलटा चिकटवलेला. त्याच्या शेजारी बोटभर लांबीचा कान. तो कान इतका तिखट, की टेबलाखालून मुंगी गेली तर तिच्या सहाही पावलांची वेगवेगळी नोंद होते, असं यंत्रवाला सांगत होता. यंत्रवाला पन्नाशीचा, टकल्या, सज्जन माणूस. सहातली दोन पावलं तरी खरी असावीत.

तो बराच वेळ बोलला. सगळे मान डोलवत होते म्हणून मोठ्या सिस्टरनंही डोलवली. तिला दिसत होतं ते एवढंच, की समोरच्या माणसाचा मास्क आत-बाहेर, आत-बाहेर होतोय, झोपलेल्या मांजराच्या पोटासारखा. त्यामागचे शब्द तिला कळले ते नंतर चहाच्या खोलीत, छोट्या सिस्टरनं मास्क उतरवल्यावर.

"पकडापकडी करायला नाहीये म्हणे," छोटी सिस्टर बिस्किट चावत म्हणाली. "नुसता वेळ मोजणार. पेशंट आत कधी आला, भूल कधी दिली, डॉक्टरांनी मागितलं कधी, आपण दिलं कधी. हाक मारल्यापासून ओ देईपर्यंत किती सेकंद गेले, तेसुद्धा."

"तेसुद्धा?"

"हो ना. वेळ कुठे सांडतो ते कळलं की रोज एखाद-दुसरं ऑपरेशन जास्त बसेल. बाहेर लोक महिना महिना नंबर लावून बसलेत, त्यांचं तरी भलं होईल. चहा सांडला तुमचा, मोठ्या सिस्टर."

चहा खरंच सांडला होता. हाक मारल्यापासून ओ देईपर्यंत. हे शब्द पुढचे तीन आठवडे मोठ्या सिस्टरच्या डोक्यात मुक्कामाला राहिले.

तिचा डावा कान पाच वर्षांपूर्वी गेला होता. उजवा त्याच्या मागोमाग निघाला आणि आता उंबरठ्याबाहेर एक पाय टाकून उभा होता. हे तिचं तिलाही वर्षभर कळलं नव्हतं, आणि त्याला कारण तिचा नवरा. नवरा बसमध्ये कंडक्टर होता. त्याचा आवाज असा, की तो पुढच्या दाराशी उभा राहून मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारायचा, तेव्हा मागून येणाऱ्या बसमधले लोकही सुटे पैसे काढायला लागायचे. निवृत्तीबरोबर बस सुटली, आवाज राहिला. "भाजीत मीठ कमी आहे" असं तो घरात म्हणाला की तळमजल्यावरची बाई आपल्या भाजीत चिमूटभर मीठ टाकायची. अशा माणसाशी संसार करणाऱ्या बाईला आपण बहिऱ्या होतोय हे कळणार कसं? एकदा तो आठ दिवस गावाला गेला तेव्हा कळलं. मोठ्या सिस्टरला वाटलं, रस्त्यावरची रहदारी बंद पडली.

थिएटरात मात्र तिचं कधी अडलं नव्हतं. डॉक्टर आणि ती एकवीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहत होते. डॉक्टरांचा हात तिच्याशी बोलायचा. दोन बोटं जुळून हलली की कात्री. अंगठा आत वळला की चिमटा. तळवा जरासा कलला की सुई. मनगट ताठ झालं की रक्त टिपायचं गॉजचं कापड, कारण मग रक्त नको तिथून आलेलं असायचं. हात पुरता उघडायच्या आत वस्तू तळव्यावर. पेशंट तर तिला छान ऐकू यायचे, कारण पेशंटला मास्क नसतो. राहिली शेवटची मोजदाद. पोट शिवायच्या आधी आत गेलेले गॉजचे सगळे तुकडे बाहेर आले की नाही ते मोजायचं, हा तिथला कडक नियम. तो आकडा छोटी सिस्टर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायची, आणि फळा वाचायला कान लागत नाहीत.

निवृत्तीला एक वर्ष आठ महिने उरले होते. टेबलावरून उतरवलेल्या सिस्टरला तळघरातल्या कपड्यांच्या कोठीत पाठवायची तिथली पद्धत होती. एकीचे गुडघे गेले म्हणून तिला तिकडे पाठवली, ती अजून चादरी मोजत होती. जिन्यात भेटली की ती मोठ्या सिस्टरला आज कोणतं ऑपरेशन होतं ते विचारायची आणि उत्तर ऐकताना तिची बोटं आपोआप हलायची. ती बोटं मोठ्या सिस्टरला बघवत नसत.

घरी बोलायचं तर तिथेही पंचाईत. नवरा हळू बोलला तर तिला ऐकू यायचं नाही, आणि तिला ऐकू येईल असं बोलला तर चारही मजल्यांना ऐकू जायचं. म्हणून गुप्त गोष्टी दोघं वहीवर लिहून बोलत. नवरा लिहायचा तेही तिकिटासारखं, तोडून.

"सांगून टाक," त्यानं लिहिलं.

"सांगितलं तर टेबल जाईल."

"जाऊ दे."

"तुमची बस सुटली तेव्हा तुम्ही चार दिवस धड जेवला नव्हतात," तिनं लिहिलं.

यावर नवऱ्यानं पेन्सिल कानावर खोचली, पुन्हा काढली. मग लिहिलं, "यंत्र काय पकडणार?"

"कुणी हाक मारली आणि मी ओ दिली नाही तर."

"मग अधूनमधून ओ देत राहा. लागली तर लागली."

बसमध्ये ही युक्ती चालून गेली असती. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या सिस्टरनं ती थिएटरात चालवली. दर दोन-चार मिनिटांनी ती मास्कआडून "हो" म्हणायची. कधी "हो, हो." एकदा नुसतंच "आलंच." म्हणून झालं की ती डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळ्यांच्या भुवया बघायची. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या भुवया दोनदा वर गेल्या. एकदा छोट्या सिस्टरचे खांदे हलले. ती हसली की रडली हे मास्कवरून कळायला मार्ग नव्हता. रोज घरी जाताना मोठी सिस्टर दिवसभराचे "हो" आठवायची आणि त्यातले किती चुकीच्या जागी पडले असतील याचा हिशेब तिला लागायचा नाही.

त्यात तो गुरुवार आला.

पेशंट शिंपी होता. सडपातळ, बोटांना सुयांनी टोचून टोचून घट्टे पडलेले. भूल चढायच्या आधी त्यानं मोठ्या सिस्टरकडे बघून स्वच्छ ओठांनी सांगितलं, "सिस्टर, टाके बारीक घाला. लोक माझं पोट बघून शिलाई ठरवतील." ती हसली. ऑपरेशन मोठं होतं, तीन तास चाललं, आणि सगळं लोण्यासारखं गेलं. शेवटी डॉक्टरांचा तळवा कलला. सुई. तिनं सुई धरलेला चिमटा त्यांच्या तळव्यावर ठेवला, आणि डॉक्टरांनी तो घेतला नाही.

एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. तळवा उघडा, चिमटा त्यावर, आणि बोटं मिटत नाहीत. डॉक्टर तिच्याकडे बघतही नव्हते, तिच्या खांद्यामागे बघत होते. दमले असतील, असं तिला वाटलं. ती पुन्हा चिमटा पुढे करणार, एवढ्यात डॉक्टरांनी दुसरा हात हवेत धरला. ती वळली. छोटी सिस्टर फळ्यापाशी उभी होती आणि फळ्यावर शेवटचा आकडा लिहिलेला नव्हता. मग सगळ्यांनी शोधाशोध केली. एक गॉज कमी होता. तो सापडला, पोटात नव्हे, भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या सपातेला चिकटलेला. फळ्यावर आकडा चढला, टाके पडले, बारीक पडले, आणि शिंपी पाचव्या दिवशी स्वतःच्या पायांनी घरी गेला.

मोठ्या सिस्टरच्या मनातून मात्र तो न मिटलेला तळवा जाईना. छोटी सिस्टर फळ्यापाशी किती वेळ उभी होती? काही म्हणाली होती का? विचारायचं तर ऐकू आलं नाही हे कबूल करणं आलं. तिनं विचारलं नाही. छताचा डोळा सगळं बघत होता आणि तोही काही बोलत नव्हता.

पुढच्या बुधवारी मेट्रननं तिला खोलीत बोलावलं. मेट्रन म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या वरची बाई, आणि जाड भिंगाच्या चष्म्याआडून ती बघायला लागली की खुर्चीसुद्धा सरळ बसायची. समोर कागदांची चळत होती. मेट्रनचे ओठ सावकाश हलले.

"सिस्टर, यंत्राचा अहवाल आलाय. तुमचं उणं निघालंय."

मोठी सिस्टर न सांगता खाली बसली. उणं कधी ना कधी निघणारच होतं. जन्मभर झाकून ठेवायला ते काही धान्याचं पेव नव्हतं. तिला कोठी दिसली, चादरी दिसल्या, जिन्यात उभी राहून कुणाला तरी आजचं ऑपरेशन विचारणारी आपलीच बोटं दिसली.

"किती दिवस झाले असतील, सांगता येत नाही मॅडम," ती म्हणाली. "हळूहळूच झालं."

"हळूहळूच होणार. एकदम कुणाला जमतंय?" मेट्रननं कागद तिच्याकडे फिरवला. "हे बघा. डॉक्टरांनी मागितल्यापासून सिस्टरनं देईपर्यंतचा वेळ. एक नंबरमध्ये तीन सेकंद. तीन नंबरमध्ये चार. चार नंबरचं तर विचारू नका. आणि दोन नंबरमध्ये तुम्ही. उणे दोन."

मोठ्या सिस्टरनं आकडा बघितला. त्याच्याआधी एक आडवी रेघ होती.

"मागायच्या आधी दोन सेकंद वस्तू हातात," मेट्रन म्हणाली. "यंत्रवाल्यानं तीन वेळा यंत्र उघडून बघितलं. त्याला वाटलं बिघडलंय. जगात कुठे उणे आकडा आला नाही म्हणे. त्याच्या कंपनीतली माणसं नकाशात आपलं हॉस्पिटल शोधतायत."

सुटले असं वाटून मोठ्या सिस्टरला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात मेट्रनचे ओठ पुन्हा हलायला लागले.

"तर सोमवारपासून तुम्ही चार नंबरला. तिथल्या सर्जनबाईंबरोबर उभ्या राहा, पोरींना शिकवा. नंतर तीन, मग एक. शनिवारी दुपारी वरच्या हॉलमध्ये सगळ्यांना तुमचं रेकॉर्डिंग दाखवणार आहेत. काय झालं? पाणी देऊ?"

चार नंबरच्या सर्जनबाई पोटाला छोटी भोकं पाडून, आत कॅमेरा घालून ऑपरेशन करायच्या. त्यांचे दोन्ही हात दांड्यांना जखडलेले आणि डोळे समोरच्या पडद्यावर. हात पसरायचाच नाही. हवं ते तोंडानं मागायचं, आणि तोंडावर मास्क. मोठ्या सिस्टरला हळू म्हणून पकडले जाण्याची धास्ती होती. ती पकडली गेली जलद म्हणून.

त्या रात्री नवऱ्यानं दोनदा वही पुढे सरकवली, तिनं दोनदा मिटली.

शनिवारी हॉल भरला होता. मोठा पडदा, समोर लांब टेबल, टेबलावर तिकाटण्यावर बसवलेला तसलाच एक काळा डोळा. यंत्रवाल्यानं टक्कल पुसलं आणि बोलायला सुरुवात केली, आणि मोठी सिस्टर खुर्चीत पुढे सरकली. पडद्याच्या खालच्या काठाला त्याचे शब्द उमटत होते. तो बोलेल तसे, भराभर, पांढऱ्या अक्षरांत.

"जे बोललं जातं ते यंत्र ऐकतं आणि लिहितं," पडद्यावर उमटलं. मग मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं, तेही उमटलं: "पंखा लावा हो कुणीतरी." मग, "बिस्किटं नंतर आहेत का?"

मोठी सिस्टर वाचत राहिली. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदाच एका खोलीत बसून सगळ्यांचं सगळं ऐकत होती. लोक इतकं फुटकळ बोलतात हे ती विसरूनच गेली होती.

"यंत्र अजून शिकतंय," यंत्रवाला म्हणाला आणि चार नंबरचं रेकॉर्डिंग लावलं. खाली अक्षरं आली: "खात्री द्या. लवकर खात्री द्या. ही नको, वाकडी खात्री द्या."

"मी कात्री म्हणतेय," चार नंबरच्या सर्जनबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या.

"हो, पण यंत्राच्या हिशेबानं तुम्ही एका ऑपरेशनात चौदा वेळा खात्री मागितली, आणि सिस्टरनं अकरा वेळाच दिली."

हॉल हसला. मग दोन नंबर लागला. वरून दिसणारं टेबल, हिरवी कापडं, डॉक्टरांची टोपी, तिची टोपी. हात पसरतो, वस्तू पडते, हात मिटतो. आणि खाली अक्षरं.

"ते द्या."

"ते."

"हे नको. हां, तेच."

"ते द्या."

"संपूर्ण हॉस्पिटलात सर्वांत जास्त वापरलं जाणारं हत्यार कोणतं माहीत आहे?" यंत्रवाला म्हणाला. "'ते'. तीन आठवड्यांत तीन हजारांवर वेळा. यंत्रानं खरेदीच्या यादीत लिहून टाकलंय, 'ते' संपत आलंय, मागवा."

लोक हसून हसून वाकडे झाले. मोठी सिस्टर हसली नाही. तिला आठवत होतं, पूर्वी डॉक्टर प्रत्येक वस्तू पूर्ण नावानं मागायचे. लहान वाकडी कात्री. दातांचा चिमटा. लग्नाच्या पत्रिकेत छापतात तसं, मानानं. मास्कमागे अजूनही तेच चाललेलं असेल, असं ती धरून चालली होती. तिनं डॉक्टरांकडे बघितलं. ते टेबलाच्या पलीकडे बसले होते, मिशीत बोटं घालून, आणि तेही हसत नव्हते.

पडद्यावर पुढचं उमटत गेलं. मोठी सिस्टर: "हो." भूल देणाऱ्या डॉक्टरबाई: "या कुणाला हो म्हणतात मधूनच?" छोटी सिस्टर: "देवाला असेल." मोठी सिस्टर: "आलंच." डॉक्टरबाई: "आता तर निघाल्या." मग एका ठिकाणी अक्षरांऐवजी कंसात लिहून आलं, की डॉक्टर गाणं गुणगुणत आहेत. डॉक्टर गातात हे तिला ठाऊकच नव्हतं. बरं गातात की वाईट, ते यंत्रानं लिहिलं नव्हतं.

"आता इथे एक्केचाळीस सेकंद फुकट गेलेत," यंत्रवाला म्हणाला. "काहीतरी शोधाशोध. सरासरीत धरलेले नाहीत, पुढे नेतो."

चित्र धावलं. पण धावता धावताही मोठ्या सिस्टरला एक उघडा तळवा दिसला, आणि त्यावर ठेवलेला चिमटा.

"मागे घ्या," ती म्हणाली.

"ते कामाचं नाही, सिस्टर."

"घ्या मागे."

यंत्रवाल्यानं मागे घेतलं. शिंप्याचं पोट उघडं होतं. छोटी सिस्टर फळ्यापाशी. अक्षरं आली.

"मोठ्या सिस्टर, एक कमी आहे."

टेबलापाशी ती स्वतः उभी होती. सुईत धागा नीट करत, शांत, स्वयंपाकघरात उभी राहावी तशी.

"मोठ्या सिस्टर, एक गॉज कमी येतोय."

पडद्यावरच्या बाईनं सुई उचलली.

"सिस्टर. ऐकताय ना?"

पडद्यावरची बाई म्हणाली, "हो." आणि सुई डॉक्टरांच्या हातात दिली.

"थांबा," डॉक्टरांची अक्षरं उमटली. "ते. ते पांढरं. कमी आहे."

हॉलमध्ये कुणाला त्यात काही वावगं दिसलं नसावं. गॉज सापडला होता, शिंपी घरी गेला होता, बिस्किटं बाहेर ताटांत लावली जात होती. पण मोठ्या सिस्टरनं त्या ओळी बोटांवर मोजल्या. तीन वेळा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा तिनं हो म्हटलं होतं. डॉक्टरांचे कानही तिच्यासारखेच असते, तर तिनं दिलेल्या सुईनं त्यांनी पोट शिवलं असतं, बारीक, सुबक, आणि तो माणूस पोटात फडका घेऊन लोकांचे सदरे शिवत बसला असता. तीन आठवडे ती टेबल जाईल म्हणून भीत होती. टेबलावर निजलेल्या माणसासाठी भ्यायला तिला आज दुपार उजाडावी लागली.

ती उठून उभी राहिली.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

आपला आवाज केवढा लागला हे तिला कळायची सोय नव्हती. पडद्यावर वाक्य उमटलं, तेव्हा तिला कळलं की बाहेर पडलं.

"हां, आवाज कमी आहे का? वाढवतो," यंत्रवाला म्हणाला, आणि त्यानं बटण फिरवलं.

हॉलच्या दोन्ही कोपऱ्यांत कपाटाएवढे स्पीकर होते. ऑपरेशनच्या यंत्राची टीं-टीं आगगाडीच्या शिटीएवढी झाली. माणसं कानांवर हात दाबून खुर्चीत गोळा झाली. पाण्याचे ग्लास टेबलावरून आपल्या पायांनी चालायला लागले. चार नंबरच्या सर्जनबाई तोंड उघडून काहीतरी ओरडत होत्या, आणि यंत्र बिचारं तेही लिहीत होतं: "बंद करा, खात्रीनं बंद करा." सगळ्या हॉलमध्ये एकटी मोठी सिस्टर हात खाली सोडून उभी होती, यंत्रवाल्याकडे बघत, आता वाढवेल मग वाढवेल, अशा चेहऱ्यानं.

मेट्रननं कानांवरचे हात न काढता तिच्याकडे बघितलं. मग यंत्रवाल्यानं बघितलं. त्यानं बटण मागे फिरवलं आणि पडद्याचा काठ काळा झाला.

"कधीपासून?" मेट्रनचं वाक्य उमटलं.

"धड ऐकू येईना त्याला तीन वर्षं झाली. मी सरांचे हात बघते. त्यांच्याशिवाय मला काही देता येणार नाही, चार नंबरला तर नाहीच. आणि त्या दिवशी हिनं तीनदा सांगितलं, ते मला आत्ता कळलं." तिनं छोट्या सिस्टरकडे बघितलं. "मी हो म्हटलं तेव्हा तुला काय वाटलं गं?"

छोट्या सिस्टरचे डोळे भरले होते. "मला वाटलं चिडलात," पडद्यावर आलं. "म्हणून मी सरांना बोट दाखवलं."

तेव्हा डॉक्टर उठले. उठले म्हणजे अर्धे, टेबलाला धरून.

"त्यांच्या एकटीवर घालू नका," ते म्हणाले. "मलाही गेली दोन-तीन वर्षं..."

आणि थांबले. ओठ उघडे राहिले. सगळे वाट बघत होते. डॉक्टरांचा उजवा हात सवयीनं टेबलावर पुढे आला आणि तळवा वर झाला. त्या तळव्याला मोठी सिस्टर एकवीस वर्षं ओळखत होती. बोटं जुळली नव्हती, अंगठा वळला नव्हता, मनगट ताठ नव्हतं. त्यात काहीच मागणं नव्हतं, आणि तीन वर्षं रोज टेबलावर, दोन वस्तूंच्या मधल्या क्षणात, तो हात तिला तसाच दिसत आला होता. तिनं त्याला थकवा समजून सोडून दिलं होतं.

"नावं आठवत नाहीत," ती म्हणाली. "सरांना वस्तूंची नावं आठवत नाहीत."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि दोन क्षणांनी त्यांची मान हलली.

"हां," ते म्हणाले. "ते."

यंत्रवाल्यासमोरच्या छोट्या पडद्यावर आपोआप एक नोंद पडली होती. त्यानं ती वाचली, टक्कल पुसलं, आणि कुणाला न दाखवता पडदा मिटला. उणे दोन.

सोमवारी दोन नंबरच्या थिएटरला कुलूप होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर मेंदूच्या डॉक्टरांसमोर बसून घड्याळ, कंगवा आणि किल्लीच्या चित्रांना नावं देत होते. मेट्रननं चार नंबरचा हुकूम फाडला होता, पण टेबलाबद्दल हो की नाही काही सांगितलं नव्हतं. दोघांचे कागद हातात आल्यावर बघू, एवढंच. यंत्रवाल्यानं आपणहून सांगितलं होतं, की गॉजच्या फळ्याशेजारी एक पडदा लावून देता येईल, बोललेलं तिथे उमटत राहील, फक्त कात्रीचं तेवढं दुरुस्त करावं लागेल. पण त्याच्यासाठीही निदान एका कानात थोडी धुगधुगी हवी, हाक आली तर मान तरी वळायला हवी, असं मेट्रनचं म्हणणं होतं.

मोठी सिस्टर तळमजल्यावरच्या कान तपासायच्या काचेच्या खोलीत बसली होती. डोक्यावर जाड हेडफोन. बाहेर नवरा बाकावर, मुद्दाम तोंड मिटून. काचेपलीकडच्या तपासणाऱ्या बाईनं खूण करून सांगितलं, आवाज आला की हात वर करा. मोठ्या सिस्टरनं हात वर केला. पुन्हा केला. पुन्हा. बाई थांबली, कपाळाला आठी घालून तिनं आपला कागद बघितला आणि दार उघडून आत आली.

"आजी, मी आवाज सोडायच्या आधीच तुमचा हात वर जातोय."

मोठी सिस्टर कसनुसं हसली. बाईचं बोट बटणाकडे निघण्याआधी तिचा खांदा जरासा पुढे यायचा. तिला न बघणं जमेनाच.

"असं नाही चालणार," बाई म्हणाली, आणि तिनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. दार बंद झालं असावं.

समोर भिंत होती. पांढरी, भोकाभोकांची, ना हात ना ओठ. मोठ्या सिस्टरनं दोन्ही तळवे मांडीवर ठेवले. एक सेकंद गेला. दुसरा गेला. लांब कुठेतरी, कानाच्या पार तळाशी, सुई पडावी असं काहीतरी झालं. किंवा झालं नाही. तिचा हात मांडीवरून बोटभर उचलला गेला आणि तिनं तो तिथेच धरून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती थांबली होती, कुणीतरी आधी मागावं म्हणून.